बंद करू नये

भिंगारदिवे सर माणसांना रक्तगटावरून हाक मारत. सावेडीच्या भाजीबाजारात ओळखीचं कुणी दिसलं की लांबूनच आवाज यायचा, "काय ओ पॉझिटिव्ह, बरेच दिवसांत दिसला नाहीत!" आजूबाजूचे लोक वळून बघायचे आणि ज्याला हाक मारली तो उगाच ओशाळायचा. एकदा आमच्या एका रक्तदात्याच्या लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. नवरानवरी दोघांचेही गट आमच्याच रक्तपेढीत तपासलेले. लोक आहेर देत होते आणि सर नवऱ्याच्या कानाशी लागून सांगत होते, "तू पॉझिटिव्ह, ही निगेटिव्ह. पहिल्या बाळंतपणानंतर हिला एक इंजेक्शन द्यायचं असतं. डॉक्टर विसरला तर तू आठवण कर." नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जेवायला बसल्यावर मी म्हटलं, "सर, निदान आज तरी." तर म्हणाले, "आज नाही तर कधी, दिघेबाई? उद्यापासून तो माझं ऐकणार आहे का?"

नव्वदच्या दशकात नगरला सावेडीत एका ट्रस्टची छोटी रक्तपेढी होती. आता ती नाही. तिथे मी लॅब टेक्निशियन होते आणि माधव भिंगारदिवे दात्यांचं रेकॉर्ड सांभाळायचे. सुरुवातीला त्यांना सगळे नुसतं 'भिंगारदिवे' म्हणत. मग कुणा देणगीदारानं पेढीला कॉम्प्युटर दिला. त्याला हात लावायला कुणी धजेना. तेव्हा पंचेचाळिशी उलटलेल्या या माणसानं सहा महिने क्लासला जाऊन, पोरासोरांच्या मांडीला मांडी लावून तो शिकून घेतला. तेव्हापासून आम्ही त्यांना 'सर' म्हणायला लागलो. "मान मिळवायला शेवटी एक यंत्रच लागलं बघा," असं मी एकदा थट्टेनं म्हणाले. माझ्या थट्टेला सहसा हसणारा माणूस, पण तेव्हा हसले नाहीत.

पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलताना समोरच्याच्या दंडाकडे बघायची खोड. शीर चांगली आहे का, हे त्यांची नजर आपोआप शोधायची. चहा प्यायले की आपला कप आपण धुऊन पालथा घालायचे. शिपाई म्हणायचा, "सर, ठेवा की, मी धुतो." ते म्हणायचे, "राहू दे, सवय आहे." ही सवय कुठून लागली असेल, हे विचारायचं मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नाही. मी लोहाराची मुलगी, कोपरगावला वडिलांचं लेथ मशीनचं वर्कशॉप. आमच्या घरात कुणी कुणाचा कप धुवायचा याचा विचार करायची वेळच कधी आली नव्हती. ज्यांच्यावर ती वेळ येते त्यांच्यावर ती रोजच येत असते, हे मला फार उशिरा कळलं.

दाता आणायचा म्हणजे आणायचाच, हा त्यांचा खाक्या. एकदा एबी निगेटिव्ह हवं होतं आणि त्या गटाचा एकुलता एक माणूस सुप्याला एमआयडीसीत पाळीवर होता. फोरमन फोनवर म्हणाला, मशीन थांबवता येणार नाही, पाळी सुटल्यावर पाठवतो. सरांनी लुनाला किक मारली आणि भर दुपारी सुपा गाठलं. फोरमनला म्हणाले, "मशीन थांबवू नका. त्याच्या जागी मी उभा राहतो. काय करायचं तेवढं दाखवा." फोरमन चेष्टा समजला. पण सरांनी बाह्या वर सारल्या आणि उभे राहिले. दाता कंपनीच्या जीपमधून नगरला येऊन, रक्त देऊन परत जाईपर्यंत हा गृहस्थ तीन तास पत्र्याचे तुकडे मशीनखाली सरकवत होता. संध्याकाळी परत आले तेव्हा शर्ट तेलानं काळा झाला होता. मी म्हटलं, "अहो, बोट गेलं असतं." ते म्हणाले, "फोरमनही तेच म्हणत होता. म्हणून त्यानं स्वतःच शेजारी उभं राहून निम्मं काम केलं."

तर सांगायचं आहे ते त्या कॉम्प्युटरबद्दल.

त्यात साडेतीन हजार दात्यांची यादी होती. नाव, पत्ता, गट, शेवटचं रक्तदान, घरात फोन नसेल तर शेजाऱ्याचा नंबर. सगळी सरांनी एका बोटानं टाइप केलेली. रक्ताचे फ्रीज जनरेटरवर होते, त्याच लाइनवर हे मशीन. त्यामुळे गावात लाइट गेली तरी ते चालूच असायचं. सुरुवातीला गट टाइप केला की अर्ध्या मिनिटात नावं पडद्यावर यायची आणि सर आमच्याकडे असं बघायचे, जणू ती नावं त्यांनीच पोटातून काढून दिली आहेत.

चौथ्या वर्षी मशीन रेंगाळायला लागलं. सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि दर महिन्याच्या एक तारखेला एकच गोष्ट शोधून वेळ मोजायला लागले. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायचे: बी निगेटिव्ह, सव्वा मिनिट. मग दोन मिनिटं. मग साडेतीन. क्लासवाल्या मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "काका, नको त्या फाइली साठल्यात. साफ करून देतो, पळेल." त्यानं साफसफाई केली, आठ दिवस मशीन बरं चाललं, नवव्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

सर डब्याला कान लावून बसायचे. आतून मधूनच खट् असा आवाज यायचा, मग थोडा वेळ शांतता, मग पुन्हा खट्. मी विचारलं, "काय झालंय त्याला?"

"हार्ड डिस्क म्हातारी झालीय. आत तबकडी असते, दिघेबाई. तिच्यावरची एखादी जागा झिजली की तिथलं पहिल्या फेरीत वाचता येत नाही. मग ती पुन्हा वाचते. पुन्हा नाही जमलं की पुन्हा. आपल्याला वाटतं हळू झालं. ते हळू नाही झालेलं. बिचारं तेच तेच वाचत बसलंय."

"मग तो मुलगा म्हणत होता ते?"

"घरात सामान जास्त झालं म्हणून अडखळणं वेगळं, आणि वासा किडला म्हणून घर हलणं वेगळं. सामान आवरून वासा बरा होत नाही. हिला बदलायला पाहिजे, आणि चालतेय तोवर बदलायला पाहिजे. बंद पडल्यावर बदलली तर त्यात घालायचं काय?"

ट्रस्टच्या सेक्रेटरीसाहेबांकडे ते कॅलेंडरचा कागद घेऊन तीनदा गेले. मी एकदा सोबत होते. साहेबांनी कागद उलटसुलट बघितला आणि विचारलं, "पण चालतंय ना?"

"चालतंय साहेब, पण..."

"चालतंय ना? मग?"

चालणारी वस्तू बदलायची नाही, हे आपल्याकडे आईच्या दुधातून येतं. खरं सांगायचं तर मलाही साहेबांचंच पटत होतं.

मे महिन्यात एकदा जनरेटरही बंद पडला आणि मशीन तासभर बंद राहिलं. तेव्हा सर एकटेच होते. दुसऱ्या दिवशी मी आले तर मशीनच्या कपाळावर जाड पुठ्ठ्याची पाटी: 'बंद करू नये.' खाली सही. मी म्हटलं, "कुणाला दम दिलाय?" ते नुसते हसले. त्या दिवशी काय घडलं होतं ते मला पुढे कळलं. डिस्क गार झाल्यावर फिरायलाच तयार नव्हती. सरांनी अख्खा डबा उचलून मनगटाला हिसका दिला तेव्हा कुठे ती जागची हलली.

दसरा आला. सर दरवर्षी आई आणि बायकोला घेऊन नागपूरला जायचे, दीक्षाभूमीवर. येताना पिशवीभर पुस्तकं आणायचे आणि आठवडाभर त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळंच समाधान असायचं. त्याही वर्षी अष्टमीला काम आटपून निघाले. दारापर्यंत गेले, परत वळले. मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"दिघेबाई, उद्या खंडेनवमी ना?"

"हो. का?"

"काही नाही." पुन्हा दारापर्यंत गेले, पुन्हा थांबले. "मशीनचं जरा... पाटी लावलीय मी."

"दिसतेय की. जा तुम्ही, गाडी चुकेल."

ते गेले.

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये वडील लेथ धुऊन पुसून, तेलपाणी करून, पट्टा उतरवून ठेवायचे. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. म्हणायचे, "वर्षभर राबतंय, एक दिवस तरी त्याला निजू द्या. मग बघा, वर्षभर कुरकुर करायचं नाही." पेढीत मी दरवर्षी सूक्ष्मदर्शकाची, फ्रीजची पूजा करायचे आणि चालू कॉम्प्युटरलाच फूल वाहायचे. पण त्या वर्षी मला त्या मशीनची खरोखर दया आली. इतकं दमलंय, मिनिटामिनिटाला खट् खट् करतंय, आणि सर त्याला निजू देत नाहीत. मी बटण दाबलं. पडदा काळा झाला. कपाळाला हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. माळ नेमकी पाटीवर आली. मला फार बरं वाटलं होतं, हे मुद्दाम सांगते.

दसऱ्याला सकाळी मशीन चालू केलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची एक ओळ आली आणि थांबली. पुन्हा चालू केलं. तीच ओळ. आतून आवाजसुद्धा नाही. तो खट् आवाज ऐकायला मी जीव टाकत होते.

अकराच्या सुमाराला एक माणूस चिठ्ठी घेऊन आला. पाथर्डीकडचा, वडापची, म्हणजे सीटवर प्रवासी नेणारी जीप चालवणारा, बबन ढाकणे. बायकोला आठव्या महिन्यातच रक्तस्राव सुरू झाला होता. बी निगेटिव्ह, तीन बाटल्या. फ्रीजमध्ये एक होती, ती दिली.

"अन् बाकीच्या?" तो म्हणाला. "मॅडम, तुमच्याकडं लोकांची यादी असती म्हनं. डाक्टरनी सांगितलं, तितं जा, ते मानूस काडून देत्यात."

यादी समोरच होती, माळ घालून बसलेली.

सरांच्या खणात यादीची नक्कल असलेली एक फ्लॉपी होती. ती घेऊन मी क्लासकडे पळाले. क्लासला कुलूप. दुसऱ्याकडे गेले. तिथे काचेतून आत ओळीनं मशीनं दिसत होती, सगळ्यांना झेंडूच्या माळा, सगळी निजलेली. परत येऊन माळ्यावरचं जुनं रजिस्टर काढलं, कॉम्प्युटर यायच्या आधीचं. त्यातला पहिला पत्ता बदललेला. दुसऱ्याच्या घरी सांगितलं, सणाला गावाकडे गेलेत. तिसरा वारला होता. लोक एकमेकांना सोनं देत रस्त्यानं फिरत होते आणि मी लोकांच्या दारात उभी राहून विचारत होते, "तुमचा गट बी निगेटिव्ह ना?" चार वाजता एक शाळामास्तर सापडले. ते जेवणाच्या ताटावरून उठून आले. त्यांच्या मेहुण्याचाही गट तोच निघाला.

बाई वाचली. मूल आधीच गेलं होतं. रक्तस्राव थांबेना म्हणून गर्भपिशवी काढावी लागली. वय वर्षं तेवीस. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "दोन-तीन तास आधी रक्त हातात असतं तर कदाचित पिशवी वाचवता आली असती." कदाचित. तो शब्द त्यांनी माझ्यावर दया म्हणून घातला होता, हे कळण्याइतकी मी या क्षेत्रात मुरलेली होते.

सर परत आले त्या दिवशी मी दारातच त्यांना सगळं सांगितलं. हातातली पुस्तकांची पिशवी त्यांनी तशीच धरून ठेवली होती. माझं बोलून झाल्यावर त्यांनी माळ काढली, डबा उचलला, हिसका दिला. दोनदा, तीनदा. मग खाली ठेवला.

"बंद का करायचं नाही ते मला सांगितलं का नाही तुम्ही?" मी रडत विचारलं. चूक माझी आणि आवाज मीच चढवला होता.

त्यांनी काढलेली माळ टेबलाच्या कडेला सरकवून ठेवली. मग म्हणाले, "निघताना दोनदा सांगायला आलो होतो. पण दिवस खंडेनवमीचा. मी म्हणालो असतो की मशीन पूजेला बंद करू नका, तर तुम्हाला काय वाटलं असतं? भिंगारदिव्यांना आमच्या पूजेचं वावडं आहे. तसं वाटू नये म्हणून गप्प बसलो. पाटीवर भागवलं."

"मला नसतं वाटलं तसं."

"नसतं वाटलं?"

त्यांनी फक्त विचारलं होतं, त्यात राग नव्हता. आणि मला 'नाही' म्हणता येईना. वाटलं असतं. एवढंसं का होईना, वाटलंच असतं.

ट्रस्टच्या बैठकीत सेक्रेटरीसाहेबांनी विचारलं, "मशीन बंद कुणी केलं?" सर म्हणाले, "मशीन माझ्या ताब्यात असतं, साहेब." मी तिथेच बसले होते. तोंड उघडलं नाही. नोकरी नवी नव्हती, घर चालवायची जबाबदारी नव्हती, तरी उघडलं नाही. याला भित्रेपणाखेरीज दुसरं नाव नाही. सहा महिने न हललेली नव्या डिस्कची मागणी मात्र त्याच बैठकीत मंजूर झाली.

पंधरा दिवसांनी बबन ढाकणे आला. हातात बाजरीची पिशवी. "लई धावपळ केली मॅडमनी," तो सरांना सांगत होता. "सनाचं कोन करतंय येवढं? मंदा म्हनली, जाऊन या. तुमच्यामुळं जगली ती."

मी मान खाली घातली. सरांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "ढाकणे, आमच्याकडे यादी होती. ती असती तर अर्ध्या तासात माणसं आली असती. आमचं मशीन आमच्या चुकीनं बंद पडलं. तुमचे पाच तास आमच्यामुळं गेले."

तो सरांकडे बघत राहिला. "म्हंजी... पिशवी ऱ्हायली असती?"

"कदाचित राहिली असती."

"हे मला कशाला सांगितलं सायेब? मी तर आभार मानाया आल्तो."

तो थोडा वेळ बसला. मग त्यानं बाजरीची पिशवी उचलली आणि निघून गेला. पाण्याचा पेला तसाच भरलेला होता.

"काय गरज होती?" मी म्हणाले. "त्याला निदान तेवढं समाधान होतं."

"तो आपले आभार मानत होता, दिघेबाई," सर म्हणाले आणि उठून पेला विसळायला गेले.

फ्लॉपीत उन्हाळ्यापर्यंतची यादी शाबूत होती. ती नव्या डिस्कवर उतरवायला दहा मिनिटं पुरली असती. सरांनी तसं केलं नाही. वर्षभर लुनावर फिरून एकेका दात्याचं दार वाजवलं, पत्ता खरा करून घेतला आणि यादी पहिल्यापासून टाइप केली. कुणाला हात लावू दिला नाही. दर शनिवारी फ्लॉपीवर नक्कल उतरवून ती घरी न्यायचे. डब्यावर खडूनं डिस्कची तारीख लिहिली आणि खाली: 'तीन वर्षांनी बदलणे. चालत असली तरी.' पुढच्या खंडेनवमीला त्यांनी आम्हा सगळ्यांना मशीनसमोर उभं केलं आणि ते का बंद करायचं नाही हे आरंभापासून समजावून सांगितलं. मग मला म्हणाले, "आता वाहा फूल." आणि रात्रीच्या गाडीनं नागपूरला गेले.

गटावरून हाक मारायचं मात्र त्यांनी सोडलं. बाजारात लोक दिसले की नुसता नमस्कार करायचे. मी एकदा विचारलं तर विषय बदलला.

दोन हजार साल उजाडायच्या थोडं आधी ते निवृत्त झाले. त्याच्या महिनाभर आधी त्यांनी ठणठणीत चालणारी डिस्क काढून तिसरी बसवून घेतली. साहेबांनी या वेळी 'चालतंय ना?' विचारलं नाही. निरोप समारंभ झाला, नारळ झाला, शाल झाली. सगळे पांगल्यावर सर म्हणाले, "बसा खुर्चीवर. आता हे तुमच्याकडे." आणि शाल पिशवीत कोंबत बाहेर पडले.

यादी मी तोवर कधीच स्वतः उघडली नव्हती. सरांनी कधी वेळच येऊ दिली नव्हती, आणि मलाही धीर नव्हता. बी निगेटिव्ह टाइप केलं. बोट उचलायच्या आत नावं आली. क्रमांक एकवर लिहिलं होतं: मंदा बबन ढाकणे, तालुका पाथर्डी. शेवटचं रक्तदान, कोरं. पुढे शेऱ्याच्या रकान्यात, एका बोटानं टाइप केलेलं: 'यांच्याकडे मागायचं नाही. यांना लागलं तर खालच्या सगळ्यांना बोलवायचं.'

मी खिडकीशी धावले. सर फाटकापाशी लुनाला किक मारत होते, ती लागत नव्हती. मी हाक मारणार होते, पण काय म्हणून मारू ते सुचेना. तिसऱ्या किकला लुना सुरू झाली. मागे न बघता, एका हातानं पिशवी सावरत, ते रस्त्याच्या कडेकडेनं हळूहळू निघून गेले.